आत्याबाईंवर कोसळलेलं वादळ

नाट्यगृहाच्या दिवेकाकूंना कुणी वय विचारलं, तर त्या तेवीस वर्षं सांगत. दिव्यांच्या बोर्डासमोर उभं राहायला लागल्यापासूनची. त्याआधीचं सगळं त्यांच्या लेखी नुसती तालीम. चाळीसच्या चाळीस दिव्यांना त्यांनी नावं दिली होती. दारावरचा रडका, विंगेतले जुळे भाऊ, आणि मधल्या आरामखुर्चीवर वरून डोळे रोखून बसलेल्या आत्याबाई.

पन्नाशी उलटली, खटके ओढून ओढून बोटं कुरकुरायला लागली, तेव्हा लेकीची कॉलेजातली पुस्तकं काढून काकू प्रोग्रामिंग शिकल्या. घरात चार भाज्या करपल्या, पण प्रोग्राम उभा राहिला. त्यात प्रत्येक दिवा म्हणजे एक ऑब्जेक्ट. पेटणं, मंदावणं, लुकलुकणं, असं जे जे त्याला येतं, त्या त्याच्या मेथड. दिग्दर्शकानं यादीत फक्त ‘रडका, लुकलुक’ असं लिहायचं. प्रोग्राम ते वाचून रडक्याच्या आत डोकावायचा, ‘लुकलुक’ नावाची मेथड हुडकायचा आणि तिला कामाला लावायचा. या डोकावण्याला रिफ्लेक्शन म्हणतात. दिग्दर्शकाला दर तालमीला नवी हुक्की यायची. काकूंना त्यासाठी प्रोग्राम उसवावा लागत नसे.

नव्या नाटकात वादळ आलं आणि गाडं अडलं. खलनायक आभाळाला आव्हान देतो, वीज कोसळते, तो मरतो. पण हा गडी आधी मरायचा आणि वीज मागाहून यायची, वरातीमागून घोडं. शेवटी दिग्दर्शकानं त्याला हात वर करून मनात पाचपर्यंत मोजायला लावलं. मॅनेजरला मात्र ते काही पटेना. आज दुपारच्या तालमीत वीज वेळेवर पडली नाही, तर तयार मशीन मागवायचं आणि काकूंनी तिकीटखिडकीत बसायचं, असं त्यांनी सांगून टाकलं.

“तिथे एकच ट्यूबलाइट आहे,” काकू नवऱ्याला म्हणाल्या, “आणि पेटायचं की नाही, ते तीच ठरवते.”

नवरा त्याच नाट्यगृहात प्रॉम्प्टर. घरीसुद्धा बायको बोलताना अडली, की पुढचा शब्द पुरवायची त्याला खोड. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, असं त्यानं विचारलं. काकूंनी सांगितलं, की वादळात चाळीस दिव्यांचा उजेड सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त होतो, आणि त्या प्रत्येक वेळी आपला जुना कॉम्प्युटर ‘लुकलुक’ कुठे आहे ते नव्यानं शोधत बसतो.

“म्हणजे नटाला हाक मारण्याआधी मी रोज त्याचं नाव रजिस्टरमध्ये शोधायचं, तसं?”

“रोज नाही हो. प्रत्येक वाक्याला.”

“मग एकदाच शोधून ठेव की.”

काकूंचंही तेच चाललं होतं. प्रोग्राम सुरू होतानाच प्रत्येक मेथड एकदा हुडकायची, हाताशी ठेवायची, आणि नंतर थेट वापरायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी ते लिहून काढलं आणि स्वतःवर इतक्या खूश झाल्या, की डबा उघडायचाच विसरल्या.

तालमीत वादळाची खूण झाली. कुठे म्हणून उशीर नाही. पण सगळा रंगमंच काळाकुट्ट, आणि चाळीस दिव्यांचं वादळ एकट्या आत्याबाईंवर. त्या अशा थयथयाट करायला लागल्या, की खाली आरामखुर्चीत झोपेचं सोंग घेतलेला म्हातारा नट डोळे किलकिले करून अजिजीनं म्हणाला, “काकू, माझं काही चुकलं का?”

मॅनेजरनं घड्याळाकडे बघितलं. काकूंनी दहा मिनिटं मागून घेतली.

अपराधी सापडायला दोनच लागली. मेथड हुडकताना प्रोग्राम पहिल्यांदा आत्याबाईंच्या आत डोकावला होता. काकूंनी तिथली ‘लुकलुक’ उचलून ठेवली, ती आत्याबाईंसकट. मग हुकूम कुणालाही सुटो, लुकलुकणार आत्याबाईच. कसं लुकलुकायचं हे एकदाच शोधायचं, पण कुणी, हे दर वेळी सांगायचं. एवढंच राहिलं होतं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्याच हातानं तेवढी ओळ बदलली.

पुन्हा खूण झाली. रडका थरथरला, जुळे भाऊ एकमेकांवर चमकले, खिडकीतून वारं शिरावं तसा उजेड रंगमंचभर धावला. खलनायकानं आव्हान दिलं, आणि शब्द संपतो न संपतो तोच वीज बरोबर त्याच्या डोक्यावर कोसळली.

तो उभाच. हात वर. ओठ हलत होते; दोन झाले होते, तीन व्हायचे होते.

विंगेतून प्रॉम्प्टरचा समजुतीचा आवाज आला, “अरे बाबा, मर आता.”

मॅनेजरनं वही मिटली. दिव्यांचं झालं, असं ते म्हणाले. आता जरा या नटाचं बघा. मग जाता जाता बोर्डापाशी थांबून त्यांनी विचारलं, तिकीटखिडकीतली ती ट्यूबलाइट काकूंचं ऐकेल का.

“नाव काय तिचं?” काकूंनी विचारलं, आणि डबा उघडला.