आजीच्या घराची चौकट

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि स्वतःची भाषाही कडक इस्त्री करून वापरली. तरुणपणी शहरात शिवणाचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाइकं त्यांच्या बोलण्याला हसायची. तेव्हापासून आईची बोली त्यांनी आईच्याच घरी ठेवली. वर्तमानपत्र मात्र रोज, अगदी जाहिरातींसकट वाचायचे.

लेकीनं कादंबरी लिहिली. पंचाईत अशी, की तिच्यात आजी होती आणि ती आपल्याच बोलीत बोलत होती. प्रकाशकांचं म्हणणं, वाचक अडखळतील, आजीला सरळ छापील भाषेत बोलू द्या. लेक म्हणाली, बाबा सांगतील तसं करीन, आणि कागदांचा गठ्ठा मास्तरांच्या हाती देऊन गेली. रविवारी उत्तर हवं होतं.

मास्तर वाचायला बसले आणि गाडं अडलं. शब्द लहानपणापासूनचे, पण कागदावर परके दिसत होते. एकेक ओळ दोनदा वाचावी लागे. शनिवार उजाडला तरी कादंबरीतली आजी अजून पहिल्या पानावरच्या अंगणातच होती. लेकीच्या मेहनतीवर आपल्याच उत्तरानं पाणी पडणार, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

काजं करत बसलेली बायको शेवटी वैतागली. "अहो, मनातल्या मनात काय कुंथताय? मोठ्यानं वाचा, मलाही कळू दे."

पहिली ओळ ठेचकाळली, दुसरी लंगडली आणि मग जीभ आपली आपण वळायला लागली. डोळ्यांना जे जमत नव्हतं, ते जिभेला पाठ होतं. पान संपलं तेव्हा बायकोची सुई थांबली होती. सासूबाई रागावल्या की अश्शाच बोलायच्या, म्हणून ती हसत सुटली. मास्तरही हसले, आणि आईची इतकी आठवण आली की चष्मा पुसावा लागला. त्या दिवशी दुकान उघडायचं राहूनच गेलं.

रविवारी लेक आली ती धास्तावूनच. "बाबा, खरं सांगा. अडखळलात?"

"अडखळलो की," मास्तर म्हणाले. "तुझ्या आजीच्या घराचं दार ठेंगणं होतं. नवा माणूस पहिल्यांदा कपाळ आपटायचाच. दुसऱ्या खेपेला आपोआप वाकून यायचा. म्हणून कोणी चौकट उंच केली नाही."

तूही करू नकोस, हे मात्र त्यांनी आईच्या बोलीत सांगितलं. लेकीसमोर पहिल्यांदाच. तिला ते पुन्हा विचारावं लागलं नाही.