डालग्याखालची करडं

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही प्राणिशास्त्रात. तरी करडांना हगवण लागली तेव्हा आईनं विश्वास ठेवला तो स्वतःच्या संशयावर.

शेळ्या रानात गेल्या की करडं डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली कोंडायची आमच्या भूम तालुक्याकडची रीत. त्या उन्हाळ्यात एक करडू गेलं. दुसरं, पांढऱ्या कानांचं, रक्ताची आव टाकत मान खाली घालून बसलं.

"तिनं पाला दिला तवापासनंच," आई म्हणाली.

ती म्हणजे भिंतीपलीकडं राहणारी माझी चुलती. बांधावरनं दोन्ही घरांत कुरबूर होती, आणि अशात तिनं आपणहून शेवरीचा, शेळ्यांच्या आवडीचा पाला आणून दिलेला. तिची करडं मात्र उड्या मारत होती.

"आपल्याच करडांना कसं? तिच्या करडांना काहीच न्हाय? शिकलीस ना, कर की विचार."

विचार केला. पाला देतानाचं चुलतीचं हसणं मलाही आठवत राहिलं. पण पुरावा नको का? मी डबीत करडाची घाण घेतली. आईनं पिशवीत शेवरीही कोंबली.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पाला बघून म्हणाले, "यानं हगवण लागली असती तर निम्मा तालुका आजारी पडला असता." मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. बारीक, गोल, कडेला रेघ असलेले दाणे. कॉक्सिडिया. परीक्षेत याचंच चित्र काढलं होतं. डॉक्टरांनी सांगायच्या आधी मी ओळखलं, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

औषध घेऊन घरी आले आणि आईला समजावलं. हे जंतू मोठ्या शेळ्यांच्या पोटात असतात, त्यांना त्रास होत नाही. लेंडीतून त्यांची अंडी पडतात. ताजी असताना ती निरुपद्रवी. ऊब आणि ओल मिळाली की पिकतात. करडू जमीन चाटतं, मळलेलं आचळ चोखतं, अंडी पोटात जातात. आत ते जंतू आतड्याचं अस्तर फोडत एकाचे हजारो होतात आणि पुन्हा घाणीतून बाहेर.

"एवढ्या उन्हाळ्यात ओल कुठली?" आईनं विचारलं.

मी डालग्याकडं बोट केलं. करडांना झळ लागू नये म्हणून ती त्यावर भिजवलेलं पोतं टाकायची, सुकलं की पुन्हा पाणी शिंपडायची. डालगं कायम त्याच जागी. चुलतीकडं डालगंच नव्हतं. तिची करडं कोरड्या फरशीवर मोकळी असायची.

आईनं ओलं पोतं चाचपून बघितलं. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "शेळीकडनं आलं म्हणतीस. पण शेळीला कुणी दिलं?"

तरी पोतं निघालं, डालगं उंचवट्यावर गेलं, पाला जमिनीवर न टाकता आढ्याला लांब दोरीनं टांगला. करडू हळूहळू सावरलं, मागच्या पायांवर उभं राहून पाला ओढू लागलं.

एका सकाळी चुलती शेवरीची पेंढी घेऊन आली आणि वर बघत थांबली.

"अक्का, माझा पाला फाशी दिलाय व्हय?"

"खाली टाकला की लेंड्यांत लोळतो," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"हिनं. शिकलीय."

चुलतीनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. काय चाललंय ते तिला केव्हाच कळलं असावं. तिनं पेंढीतला एक डहाळा मोडला, पानं तोंडात घातली आणि आमच्यासमोर सावकाश चावली.

आईनं पेंढी हातात घेतली. आधी हुंगली, मग आढ्याच्या दोरीला बांधली.