बापटकाकांची न हसवणारी सिरियल

आमच्या घरी दह्याचे रिकामे डबे साठतात. टाकवत नाहीत, कारण कुणाला भाजी बांधून द्यायची झाली की तेच कामाला येतात. बापटकाकांच्या बेसमेंटमधले किस्से असेच साठत गेलेत. कुणी नवीन माणूस इथे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत राहायला आला की आम्ही त्याला एकेक देत सुटतो.

बेसमेंटमध्ये चालतं काय, तर शनिवारी संध्याकाळी आम्ही तीन-चार मराठी घरं काकांकडे जमतो आणि एक जुनी ब्रिटिश सिरियल बघतो. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावात दोन म्हातारे भाऊ घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतात. गिऱ्हाईक येत नाही. थोरला चहा करतो, धाकटा तो गार होऊ देतो. संपला एपिसोड! काकांच्या मते जगात याहून चांगली कॉमेडी झालेली नाही. ती बघताना काकांना हसलेलं मात्र आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही.

*

निखिल नागपूरचा. शिकायला आला आणि नोकरी लागून इथेच राहिला. पोरगा मोकळा, मोठ्याने हसणारा. त्याला मीच पहिल्यांदा काकांकडे घेऊन गेलो.

त्याने अख्खा एपिसोड मान देऊन पाहिला. शेवटची नावं वर सरकायला लागली तेव्हा अगदी नम्रपणे विचारलं, "काका, सुरू कधी होणार?"

काकांनी रिमोट खाली ठेवला आणि त्याला खाली बसवून पुन्हा पहिल्यापासून तोच एपिसोड दाखवला. आम्हा सगळ्यांनाही बसावं लागलं. निखिलशी आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो.

*

या सिरियलच्या डिस्क काकांनी लंडनहून आणलेल्या. त्या अमेरिकेतल्या प्लेअरवर चालत नाहीत. म्हणून काकांनी पुण्याहून कुठल्याही देशाची डिस्क वाजवणारा प्लेअर आणला. तो इथल्या विजेवर चालत नाही, म्हणून पाट्याएवढा जड कन्व्हर्टरही आणला. दोन्ही काकूंच्या साड्यांत गुंडाळून.

बॉस्टनच्या एअरपोर्टवर ऑफिसरने बॅग उघडायला लावली. हे जुनं यंत्र अमेरिकेत कशाला आणताय, असं त्याने विचारलं. काकांनी त्याला दोन भावांची गोष्ट सांगायला घेतली. मागे रांग वाढत होती आणि काकू त्यांच्या शर्टाची बाही ओढत होत्या.

ऑफिसरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "इज इट फनी, सर?"

काका विचारात पडले. सरकारी माणसाशी खोटं कसं बोलायचं? "नॉट इन दॅट वे," ते म्हणाले.

ऑफिसरने बॅग बंद करून दिली. काकूंच्या मते, हे आता दुसरा सीझनही सांगतील या भीतीने.

*

एकदा निखिलने विषयाला तोंड फोडलंच. कॉमेडी म्हणायचं आणि हसू येत नाही, हे त्याला पटतच नव्हतं. पोह्यावर झणझणीत तर्री नसेल तर ते पोहे कसले, असं त्याचं म्हणणं. आमच्या पुण्यात तर्रीशिवायच पोहे खातात आणि कुणी मेलेलं नाही, असं काकांनी सांगितलं. मग नागपूर विरुद्ध पुणे असं जे पेटलं, त्यात ते दोन भाऊ बिचारे स्क्रीनवर तसेच थांबून राहिले.

माझी मुलगी ईशा कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिचं मत विचारलं तर म्हणाली, "नथिंग हॅपन्स. बट डोन्ट टर्न इट ऑफ, ओके?"

शेवटी काकूंनी निकाल दिला. "हसवणाऱ्या सिरियलला मुलांच्या प्लेटमधली आमटी सांडते. हिला सांडत नाही. माझं कार्पेट स्वच्छ राहतं. मला हीच बरी."

*

आणि मग केतकी आली. काकांची भाची, दूर हर्नडनला नोकरी करते; महिनाभर काकांकडे राहून इथूनच काम करणार होती. कॉलेजची चार वर्षं ती काकांकडेच राहायची, त्यामुळे ती सिरियल तिची पाठ. बघताना तीही हसत नाही. पाय पोटाशी घेऊन, शांत चेहऱ्याने बघत बसते.

निखिल पहिल्याच शनिवारी गारद झाला. त्यातच काकूंकडून त्याला कळलं, की केतकीने आधीचं एक स्थळ नाकारलं होतं. मुलगा चांगला होता, पण सिरियल बघताना सारखा फोन बघत होता. निखिल घाबरला. त्याने ठरवलं, की आता आपल्याला ही सिरियल आवडते. आणि आवडते म्हणजे हसायला पाहिजे!

अडचण अशी, की या सिरियलमध्ये मागून हसण्याचे आवाज येत नाहीत. कुठे हसायचं ते कळणार कसं? पुढच्या शनिवारी त्याने अंदाजाने एका ठिकाणी मनापासून हसून घेतलं. पार टाळी वाजवून.

काकांनी पॉज केलं. "त्याचा कुत्रा गेलाय," ते म्हणाले.

*

मग निखिलने मला गळ घातली. मी शेजारी बसायचं आणि हसायची जागा आली की त्याला कोपर मारायचं. मलाही त्या जागा सापडलेल्या नव्हत्या, पण पोराचा चेहरा बघून हो म्हटलं.

सुरुवातीला जमलं. थोरला भाऊ दुकानाची पाटी उलटी लावतो तिथे मी कोपर मारलं आणि निखिल माफक हसला. केतकीने वळून पाहिलंसुद्धा. तेवढ्यात काकूंनी चकल्यांचं ताट फिरवलं. मी हात लांब केला, निखिल खदखदून हसला. मी दुसरी चकली घेतली, तो परत हसला. चकल्या चांगल्या झाल्या होत्या, माझाही नाइलाज होता.

केतकी उठली, तिने मला जागेवरून उठवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली. "तुला हसू येतं का यात?" तिने विचारलं.

निखिलचे कान लाल झाले. "नाही यार," तो म्हणाला. "एकदाही नाही आलं."

"मग हसू नकोस ना. कोण मागतंय?"

*

केतकी परत गेली आणि निखिल हर्नडनला जायला लागला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचा, तासन्‌तास ड्राइव्ह करायचा आणि रविवारी परत. इथला उन्हाळा संपता संपता त्याने तिला लग्नाचं विचारलं. तिने नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला श्रूजबरीला येते तेव्हा सांगते, एवढंच म्हणाली.

ते दोन-तीन महिने पोरगा वाळला. जेवायला बोलावलं तरी पानावर नुसता बसायचा. मोठ्याने हसणारा निखिल आम्हाला बघायला मिळेना. खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटायचं. काकूंनी तर केतकीला फोनवर झापलंही, की काय ते एकदाच सांगून टाक त्याला.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी सगळे काकांकडे जमलो. निखिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा मोठा रिलीज होता, आदल्या दोन रात्री तो नीट झोपला नव्हता. जेवणं झाली. केतकी काहीच बोलली नव्हती आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. काकांनी नेहमीप्रमाणे डिस्क लावली. दोघं सोफ्यावर शेजारी बसले, मध्ये एक उशी.

निखिल थोडा वेळ ताठ बसून बघत होता. मग मान कलायला लागली. उशी घसरून खाली पडली, आणि सगळ्या काका-काकूंच्या देखत याचं डोकं सरळ केतकीच्या खांद्यावर! थोड्या वेळाने घोरणंही सुरू झालं.

काकांच्या बेसमेंटमध्ये आजवर असला गुन्हा कुणी केलेला नव्हता. काकांनी पॉज केलं आणि त्याला हलवायला उठले. मी डोळे मिटून घेतले. एवढे महिने वाट बघून पोराने ऐन वेळी माती खाल्ली होती.

"मामा, बस खाली," केतकी हळूच म्हणाली. "आवाज जरा कमी कर आणि लाव पुढे."

काका बसले. ती खांदा न हलवता काकूंकडे वळली. "मामी, आईला फोन कर. म्हणावं, माझा होकार आहे."

काकू उठून उभ्या राहिल्या. "अगं, त्याला आधी सांग की!"

"उठला की सांगते," केतकी म्हणाली. "झोपू दे त्याला."