एमजीवरची लोखंडी मूठ

ऐन चढावर उत्तराने हात सोडला, ही गोष्ट पात्रीकरांच्या घरात पन्नास वर्षं सांगितली जात होती. घरी पाहुणा आला आणि तिच्या लंगडण्याकडे त्याची नजर गेली, की थोरला भाऊ मार्तंड हसत म्हणायचा, "आमच्या एमजीतून पडली ती. घाबरली न हात सोडला." पुढे पुढे उत्तराही तसंच सांगू लागली. पडल्यावर तिची शुद्ध हरपली होती, तेव्हा दुसरं काही सांगायला तिच्याकडे होतंच काय?

यंदा पावसाळा सरता सरता ऋषी नावाचा एक पस्तिशीचा माणूस तिच्या बेसामधल्या फ्लॅटवर आला. जुन्या गाड्या घेऊन त्या पुन्हा चालत्या करायचा त्याला नाद. खापरखेड्याजवळच्या एका शेडमध्ये त्याला एमजी कंपनीच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा मिळाला होता. कागद नाहीत, नंबराची पट्टी गंजून गेलेली. अशी गाडी पूर्वी डॉक्टर पात्रीकरांकडे, म्हणजे तिच्या वडलांकडे, होती, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. तो मार्तंडकडे गेला आणि मार्तंडने त्याला बहिणीकडे धाडलं, कारण गाडीचा एकुलता एक फोटो तिच्या कपाटात होता.

फोटो चौऱ्याहत्तर सालचा, सेमिनरी हिल्सच्या मागच्या उतारावर भरलेल्या मोटार ट्रायलचा. हौशी लोकांची ती स्पर्धा. चिखलाच्या चढावर गाडी न थांबता वर न्यायची. गाडीत दोघं असायची. एक चालवणारा, आणि दुसरा मागच्या कडेवर बसून उसळ्या मारणारा, म्हणजे मागच्या चाकांवर भार पडून ती घसरत नसत. फोटोत स्टिअरिंगवर मार्तंड होता. मागे ओठ घट्ट मिटून वीस वर्षांची उत्तरा.

ऋषीने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "दिवे मडगार्डपासून सुटे आहेत काकू, म्हणजे टीएफ मॉडेल नाही. चाकं तारांची नाहीत, पत्र्याची आहेत, म्हणजे टीसी पण नाही. ही टीडी आहे. माझी पण टीडीच. पण हीच ती, हे कसं सांगायचं? नंबर प्लेट तर चिखलात गेली." मग त्याचं भिंग तिच्या हातापाशी थांबलं. "हे काय पकडून राहिल्या तुम्ही? कंपनीच्या गाडीला असं काही येत नाही."

"लोखंडी मूठ आहे. माझ्यासाठी बाबांनी करवून घेतली होती. दादाने बसवली, आदल्या दिवशी."

ऋषीने भिंग खाली ठेवलं. "आम्ही रंग खरवडला तेव्हा त्याच जागी पुट्टीखाली दोन भोकं निघाली. तुम्ही एकदा गाडी पाहायला चला."

दुसऱ्या दिवशी तो तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. गाडीला रंग नव्हता, सीट नव्हत्या, तरी दाराचा खाली उतरत गेलेला बाक पाहताच तिने ती ओळखली. ऋषीने मागच्या बाजूला बोट दाखवलं. एक भोक गोल होतं. दुसरं लांबट फाटलेलं, कडा बाहेर ओढल्या गेलेल्या. तिथून चार बोटं खाली सांगाड्याची लाकडी पट्टी होती, साबूत. तिला वडलांचा आवाज आठवला. अंगणात उभे राहून ते मार्तंडला म्हणाले होते, लाकडात बसव, पत्र्यात नको.

"ओळख पटली," ऋषी खुशीत म्हणाला. "आता कोणी काही बोलू शकत नाही."

उत्तराने फाटलेल्या भोकात बोट घातलं. "पत्रा असा कशाने फाटतो?"

"जोरात ओढल्या गेला की. माणसाचं पूर्ण वजन आलं असंल."

"आणि मी हात सोडला असता तर?"

"तर मूठ जागच्या जागी राहिली असती न, काकू."

परतताना ती बोटाला लागलेला गंज रुमालाने पुसत राहिली. खुब्याचं हाड मोडलं, कित्येक महिने प्लास्टरमध्ये गेले, एक पाय आखूड झाला आणि ठरत आलेलं लग्न त्या लोकांनी मोडलं. हे सगळं तिने कधीचंच गिळलं होतं. पण ती गाडी शिकत होती, पुढच्या वर्षी ट्रायलला स्वतः चालवणार होती, आणि पडल्यानंतर वडलांनी तिला पुन्हा स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "भित्र्या माणसाचं काम नाही ते," असं ते म्हणाले होते. त्यांच्या तोंडचा तो शब्द घेऊनच तिने सरकारी कचेरीत नोकरी केली, आणि तो घेऊनच ती निवृत्त झाली.

ऋषीला तिने धरमपेठेत, मार्तंडच्या दारात सोडायला सांगितलं.

मार्तंड व्हरांड्यात पेपर वाचत होता. ती उभ्यानेच म्हणाली, "दादा, मूठ उपटली होती."

"कोणती मूठ?"

"तू पत्र्यात बसवली होती. बाबांनी लाकडात सांगितली होती."

"त्या पोट्ट्याने काय भरवून दिलं तुला?"

"मी स्वतः भोकात बोट घालून आली."

त्याने पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "पडली तेव्हा मूठ तुझ्या हातातच होती. घट्ट. मीच काढून घेतली. बाबा धावत येऊन राहिले होते."

"न मग?"

"मग काय? बाबांनी मला परत गाडीला हात लावू दिला नसता."

"मला दिला का?"

आतून सून चहाचं विचारून गेली. मग तो जरा चिडूनच म्हणाला, "इतक्या वर्षांनी काहून उकरून राहिली वं? तुझं नोकरीत चांगलंच झालं न."

उत्तरा चहा न घेता निघाली.

दिवाळीच्या आधी ऋषीने जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीशेजारी लावायच्या फलकाचं चित्र मोबाईलवर पाठवलं. मॉडेल, साल, डॉक्टर पात्रीकरांचं नाव, ट्रायलचा तो फोटो, आणि खाली 'चालक: मार्तंड पात्रीकर'. तिने फोन केला.

"काकू, मार्तंड सरांनी वाचून ओके केलं," ऋषी अवघडून म्हणाला. "पडण्याबिडण्याचं राहू द्या. लोकं गाडी पाहायला येतात."

"पडण्याचं नको लिहू. मागे कोण बसलं आहे, ते तरी लिही."

"छपाईला गेलं हो ते. पुढच्या वेळी नक्की."

भाऊबीजेला ती धरमपेठेत गेली नाही. दुपारी मार्तंडच बेसाला आला, काठी टेकत, श्रीखंडाचा डबा घेऊन. तिने पाट मांडला, ओवाळलं, जेवू घातलं. पुरी कडक झाली, मटारचे भाव वाढले, असं काहीबाही तो बोलत राहिला. ती वाढत राहिली. निघताना ती त्याला लिफ्टपर्यंत पोचवायला गेली.

"रागावली का?" त्याने विचारलं.

"हो," उत्तरा म्हणाली, आणि तिने लिफ्टचं बटण दाबलं.