टोकाकडून पाणी

आमच्या 'अ' इमारतीतले एक शेजारी आयटीत असले तरी शेतात उभं राहिल्यासारखे बोलतात: मोठ्यानं आणि एकदाच. पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी कायम 'अ'चा, म्हणून पाणी आधी आम्हाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे शेजारी उठले.

"आमच्या धुळ्याकडं पाटाचं पाणी आधी टोकाच्या शेताला. सोडणाऱ्याचं शेत शेवटी."

"अहो, ही सोसायटी आहे, शेत नव्हे," मी म्हणालो.

"मग मला सेक्रेटरी करा."

टोकाच्या 'ड'वाल्यांनी त्यांना निवडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी आधी 'ड'ला. ते स्वतः बिनआंघोळीचे ऑफिसला निघाले, मागोमाग मी, चडफडत.

पूर्वी सेक्रेटरीपदासाठी आमच्या इमारतीतून पाच-पाच अर्ज यायचे, त्यातला एक माझा. वर्षभरानं, यंदाच्या निवडणुकीला, फक्त त्यांचा आला.