मिशिगनमधल्या पुलाची सुनावणी

ॲन आर्बरला जायचं ठरलं ते लिनमुळे. लिन माझ्या शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या ऑफिसातला चिनी सहकारी. त्याची बायको मेई ॲन आर्बरला नगररचना शिकत होती आणि तो दर महिन्याला बसने तिला भेटायला जायचा. "या वेळी आम्हीच ड्राइव्ह करतो, चल आमच्याबरोबर," असं माझ्या बायकोने, स्वातीने, त्याला सांगून टाकलं. २००६चा उन्हाळा होता.

जाणाऱ्यांनी शिकागो सकाळी लवकर ओलांडावं, टोलसाठी सुटे हाताशी ठेवावेत. मिशिगनमध्ये शिरल्यावर घड्याळ तासभर पुढे जातं, हे आम्ही विसरलो आणि मेईला ताटकळत ठेवलं. वाटेत हायवे सोडून आत वळलात तर शेतावरची ब्लूबेरी स्वस्तात मिळते. आम्ही ठेपले नेले होते. लिनने ठेपल्यांपेक्षा लोणचंच जास्त खाल्लं.

त्या संध्याकाळी मेईला जवळच्या गावातली एक जनसुनावणी अभ्यासासाठी बघायची होती. आम्हीही गेलो. शाळेच्या हॉलमध्ये गाव जमलं होतं. नदीवरचा जुना पूल कित्येक वर्षं बंद होता. नवा सगळ्यांनाच हवा होता, पण त्यात एका आजींची चेरीची बाग जाणार होती. आजी उठून म्हणाल्या, "झाडं माझ्या नवऱ्याने लावलीत. पूल नदीच्या जरा खालच्या अंगाला सरकवा." मला पटलं. मग एक माणूस उठला. वळशामुळे त्याच्या वडिलांना हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला होता. तेही पटलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, आणखी एक पाहणी करू.

पार्किंगमध्ये लिन चिडूनच म्हणाला, "आमच्याकडे एव्हाना नवा पूल होऊन त्याची डागडुजीही झाली असती."

"आणि त्या आजींना कोणी विचारलं असतं?" मेई म्हणाली. "माझ्या आजीची गल्ली रस्त्यासाठी पाडली, तेव्हा विचारलं होतं?"

"ती आता लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहते. घरात गरम पाणी आहे."

"तिथे ती कुणाला ओळखत नाही."

मग दोघं चिनीत बोलू लागले. मेई एकदम आमच्याकडे वळली. म्हणाली, "त्याने चीनमधल्या मेट्रोत नोकरी घेतलीय. मला आत्ता कळतंय."

दुसऱ्या दिवशी नदीकाठी फिरताना लिन मला म्हणाला, "इथे मी नुसत्या मीटिंगा करतो, यार." यार तो माझ्याकडूनच शिकला होता. आमच्या मागून येणारी मेई स्वातीला सांगत होती, "तो चुकतोय असं मला म्हणता येत नाही. पण मी कोर्स टाकून जाणार नाही."

परतल्यावर लिनला घरी सोडून मी स्वातीला म्हटलं, "आपल्या नागपूरला पूल बांधताना काय करतात गं?"

"विचारतही नाहीत आणि बांधतही नाहीत," स्वाती म्हणाली.

लिन हिवाळ्याआधी चीनला परतला. मेई कोर्स संपवून इथेच एका छोट्या शहराच्या नगररचना ऑफिसात लागली. पुढे लिनने नव्या मेट्रो स्टेशनचा फोटो पाठवला. चकचकीत, प्रशस्त. तिथे आधी काय होतं, असं मी मेलमध्ये विचारलं. त्याने लिहिलं, "मीही विचारलं होतं, कोणी सांगितलं नाही. पण लोक वेळेवर घरी पोचतात."

मी स्वातीला मेल वाचून दाखवला. म्हटलं, "मला दोघांचंही बरोबर वाटतं."

"मग त्या दोघांनी एकत्र राहायचं कुठे?" तिने विचारलं.