घसा झोपवणाऱ्या सिस्टर

"घसा मेला नाही वं माय, झोपला हाय. अर्ध्या-पाऊण तासात उठन."

घशात भुलीचा फवारा मारला की माणूस घाबरतो. गिळता येत नाही, घसा सुजल्यासारखा वाटतो, आणि समोर डॉक्टर लांब काळी नळी घेऊन उभा. अशा वेळी आमच्या सिस्टर रोग्याची हनुवटी तळहातावर धरायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात श्वासनलिकेत दुर्बीण घालायचं काम मी करतो. म्हणजे कागदावर मी करतो. खोली त्यांची होती. मी मोठ्या शहरातून हे काम, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी, शिकून आलो आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. सिस्टरांनी त्याची काच पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. आता हात पाहू."

हात त्यांनी बरेच दिवस पाहिला. नळी जरा घाईनं सरकवली की मागून आवाज यायचा, "हळू डॉक्टर, माणसाचा गळा हाय, बोरचा पाइप नाही." रोग्यासमोर! मला भारी राग यायचा. मग लक्षात आलं, की त्या असं बोलल्या की रोग्याचे खांदे सैल पडतात आणि नळीही सोपी जाते. तेव्हापासून मी गुमान बोलणी खाऊ लागलो.

दुर्बीण घालण्याआधी त्या प्रत्येकाचा गाल टॉर्च लावून आतून पाहायच्या. आमच्याकडचा खर्रा तुम्हाला ठाऊक असेलच. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. एका गुरुजींनी "मी तर सुपारीही खात नाही" म्हणून शपथ घेतली. सिस्टरांनी बोट फिरवून ऐवज बाहेर काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. "मंग हा काय, सत्यनारायणाचा परसाद हाय?" पुढचं सगळं गुरुजींनी खरं सांगितलं.

मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची बाई आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. चाळिशीची असेल. सात-आठ महिन्यांचा खोकला, सारखा ताप, उजव्या फुप्फुसात खाली डाग. टीबी सापडत नव्हता, म्हणून कुणीतरी कॅन्सर म्हणून मोकळं झालं होतं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सोबत यायचे ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भला माणूस, पण मी तिला काहीही विचारलं की उत्तर भासरेच द्यायचे. ती नाकापर्यंत पदर ओढून गप्प. एकदा फक्त सिस्टरांना म्हणाली, "पोरीची सोयरीक उरकून टाका म्हटलं. मी काही दिवाळी पाहत नाही." तिच्या छातीचा एक्स-रे पाहून मलाही तेच वाटलं होतं.

दुर्बिणीच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नाहीत. भासरे बाहेर बसले. मी फवारा उचलला, तर सिस्टरांनी माझा हात धरला.

"दहा मिनिटं थांबा. घसा झोपल्यावर ती काय बोलन?"

सिस्टर स्वतः तांड्यावरच्या. स्टूल ओढून त्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत गप्पा मारू लागल्या. त्यातला 'याडी' म्हणजे आई, एवढाच शब्द मला कळतो. विषय आजाराचा नव्हता, कारण दोघी हसत होत्या. मग बाई हसायची थांबली आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहिली. सिस्टरांनी मान वळवली.

"डॉक्टर, सुपारी शोधा."

घरच्यांपासून लपवून भाजकी सुपारी चघळायची तिला सवय होती. एक दिवस गालात सुपारीचं खांड आणि दारात भासरे. तिनं झटकन पदर ओढला, दचकून श्वास घेतला, आणि खांड भलत्या वाटेनं गेलं. ठसका लागला. पण भासऱ्यांसमोर मोठ्यानं खोकायचं कसं? तिनं पदरात तोंड खुपसून तो ठसका दाबून टाकला. पुढे प्रत्येक डॉक्टरकडे तेच भासरे शेजारी. सांगणार कोणाला?

नळी उजवीकडून खाली नेली. पडद्यावर लाल, खडबडीत मांस दिसलं. थेट गाठच. सिस्टर बोलल्या नसत्या तर मी त्याचा तुकडा तपासायला घेऊन तिथूनच परतलो असतो. आता मात्र ते मांस बाजूला सारलं. मागे तपकिरी, टणक कड होती. चिमटा दोनदा घसरला. सिस्टरांनी बाईच्या कपाळावरचा हात काढला नाही आणि मला एक अक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी बारीक तारेची जाळी तुकड्याभोवती बसली, आणि नळीसकट खांड बाहेर आलं. ते मांस म्हणजे खांडाभोवती धरलेली सूज होती. पुढे तपासणीतही कॅन्सर निघाला नाही. सिस्टरांनी खांड तिला दाखवलं. ती रडली, आणि बोटानं दाराकडे खूण करून तिनं हात जोडले.

सिस्टर बाहेर गेल्या.

"कचरा अडकला होता छातीत. काढला."

"कायचा कचरा?" भासऱ्यांनी विचारलं.

"निघाला ना? आता कायले पाहिजे तुमाले?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "दादा, बाईमाणसाले डॉक्टरजवळ एकटीले बोलू देत जा. तुमी बाहेर बसा."

दिवाळीनंतर बाई दाखवायला आली तेव्हा फुप्फुस स्वच्छ होतं. पोरीला आधी बारावी होऊ द्या, म्हणून घरी भांडून आली होती.

सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. कळंबजवळ शेतात राहतात. नव्या सिस्टर हुशार आहेत, पण रोगी त्यांच्याशी फक्त आजाराचंच बोलतात. मला जुन्या सिस्टरांची फार आठवण येते.

मागच्या महिन्यात तेच भासरे आपल्या सुनेला घेऊन आले. तिलाही जुना खोकला. नाव लिहून होताच ते आपणहून उठले. "मी बाहेर बसतो. तुमच्या त्या बाईले बोलवा." त्या आता इथं नसतात म्हटल्यावर सूनही उठायला लागली. मी सिस्टरांना फोन लावला, चार शब्दांत सांगितलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती पदराआडून माझ्याकडे पाहत राहिली. मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.

भासऱ्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"तुमालेही बाहेर काढलं काय?"

मी होय म्हणालो, आणि आम्ही दोघं दाराकडे पाहत बसलो.